दान दिल्यावर दात्याकडे काय उरते?

द्रव्यावरील स्वतःचे स्वामित्व सोडणे आणि त्यावर दुसऱ्याचे स्वामित्व निर्माण करणे, अशी दोन अंगे धर्मशास्त्राने दानाला मानली आहेत. त्यामुळे घेणाऱ्याने स्वीकार केल्याशिवाय दान पुरे होत नाही. तळे, विहीर किंवा आमराई सर्वांसाठी सोडून देण्याला मात्र उत्सर्ग म्हणतात, कारण तेथे ठरावीक घेणारा कोणी नसतो. आपणच खोदवलेल्या तळ्याचे पाणी उत्सर्गानंतर दात्याने वापरावे का, या प्रश्नाचा शास्त्रकारांनी गंभीरपणे विचार केला, आणि त्याने ते सर्वांपैकी एक म्हणून खुशाल वापरावे, मालक म्हणून नव्हे, असे उत्तर दिले.

देणाऱ्याचा हात दिलेल्या वस्तूवरून केव्हा निघतो, हाच प्रश्न अमेरिकेत कायद्याच्या रूपाने उभा राहिला. तेथील धर्मादाय निधी मृत्युपत्रातील शब्दांना कायमचे बांधलेले असत आणि मूळ गरज सरली तरी पैसा दुसरीकडे वळवण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागे. या ‘मृताच्या हाता’तून दान सोडवण्यासाठी क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनी या बँकेचे अध्यक्ष फ्रेडरिक गॉफ यांनी १९१४ मध्ये क्लीव्हलँड फाउंडेशन स्थापन केले. कम्युनिटी फाउंडेशन, म्हणजे एका गावाच्या वा प्रदेशाच्या अनेक दात्यांच्या देणग्या एकत्र राखून त्यांच्या उत्पन्नातून तेथील संस्थांना अनुदान देणारी व्यवस्था, या प्रकाराचा आरंभ तेथून मानला जातो. मुद्दल बँकेने सांभाळावे, उत्पन्नाचे वाटप नागरिकांच्या समितीने करावे, तिचे काही सभासद महापौर आणि न्यायाधीशांनी नेमावेत, आणि दात्याची अट कालबाह्य ठरल्यास ती बदलण्याचा अधिकार समितीला असावा, अशी त्यांनी घडी बसवली.

स्थानिक संस्थांना बळ मिळते ते या शेवटच्या अधिकारामागील वृत्तीतून. दात्याला इमारतीवर नाव हवे असते किंवा रुग्णवाहिका रस्त्यावर फिरताना दिसायला हवी असते. पण संस्था चालते ती हिशेबनिसाच्या पगारावर, कार्यालयाच्या भाड्यावर आणि वर्षअखेरच्या लेखापरीक्षणावर, आणि या खर्चांवर कोणाचेही नाव कोरता येत नसल्यामुळे त्यांना दाता सहसा मिळत नाही. ज्या निधीवरची मालकी दात्याने खरोखर सोडली आहे, त्याच निधीतून हा न दिसणारा खर्च भागवता येतो, आणि छोट्या संस्थेला एका प्रकल्पाच्या अनुदानावरून दुसऱ्यावर उड्या मारत जगण्याची वेळ येत नाही.

मात्र त्याग दात्याकडून मागाहून वसूल करता येत नाही, हे बक प्रकरणात दिसले. १९७५ मध्ये निधन पावलेल्या बेरिल बक यांनी आपली संपत्ती कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीपुरतीच वापरावी, अशा अटीवर सॅन फ्रान्सिस्को फाउंडेशनकडे ठेवली होती. १९७९ मध्ये शेल कंपनीने बेलरिज ऑइल विकत घेतली तेव्हा निधीतील समभागांचे मोल अनेक पटींनी वाढले, आणि देशातील अतिश्रीमंत भागांत गणल्या जाणाऱ्या मरीनच्या वाट्याला कोट्यवधी डॉलर आले. शेजारच्या गरीब वस्त्यांनाही ते मिळावेत म्हणून फाउंडेशनने १९८४ मध्ये न्यायालयात अर्ज केला, परंतु तो १९८६ मध्ये अपयशी ठरला आणि निधी नव्या मरीन कम्युनिटी फाउंडेशनकडे गेला. फाउंडेशनचा हेतू करुणेचा होता यात शंका नाही; तरीही अट जाणून घेतलेले दान तिच्यासह स्वीकारलेले असते, हे मान्य करावेच लागते.

भारतात याच प्रश्नाला धर्मस्वातंत्र्याची कड आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा, १९५० यात निधीचा मूळ हेतू बदलण्याची तरतूद होती. पण रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये असे ठरवले की, मूळ धार्मिक हेतू पार पाडता येत असताना त्या न्यासाचा पैसा अन्यत्र वळवणे हा धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. देवाला अर्पण केलेले समाजाला अर्पण केलेले ठरते का, या प्रश्नाला त्या निकालाने बगल दिली नाही.

अमेरिकेत मात्र दात्याचा हात वेगळ्या वाटेने परत आला. न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्टने १९३१ पासून दात्याला निधीच्या वाटपाबाबत सल्ला देत राहण्याची सोय दिली. कायद्याने तो सल्लाच असतो, आज्ञा नव्हे. पण ज्याच्याकडून पुढची देणगी यायची आहे त्याचा सल्ला मोडणे विश्वस्तांना जड जाते, आणि अशा निधींचा वाटा जितका वाढतो तितका हिशेबनिसाच्या पगारासाठी मोकळा पैसा कमी उरतो.