मृदु शब्द आणि कोरडी विहीर

कचेरीतील भाषा मृदु असावी की स्पष्ट, हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा दिसतो; पण तो मूळचा नीतीचा आहे, असे आम्हांस वाटते. मनुस्मृतीने अप्रिय सत्य बोलू नये असे सांगितले, आणि लागलीच प्रिय असत्यही बोलू नये असे बजावले. कचेऱ्यांनी यांतील पहिला भाग तेवढा आवडीने पाठ केलेला दिसतो.

आमच्या जुन्या पत्रव्यवहारात आर्जवाची उणीव नव्हती. कोणास 'राजमान्य राजेश्री' लिहावे, कोणास 'तीर्थस्वरूप', हे ठरलेले असे. बीड तालुक्यातील लिंबागणेशासारखे गाव 1948 पर्यंत निजामी राज्यात होते. तेथील दरबारी भाषा उर्दू, आणि तिची अदब तर विख्यातच. या अदबीत आम्हांस दोष दिसत नाही. मायना माणसाचा मान राखतो. त्याखाली 'पेरणी करपली' असे उघड लिहिण्यास तो आड येत नाही. मृदुपणा वाचणाराविषयी असावा, घडलेल्या गोष्टीविषयी नव्हे.

पुढे मात्र तो मजकुरातच उतरला. 1963 साली महाराष्ट्राने खास कायदा करून राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्द काढला व त्या जागी 'टंचाई' घातली. सरकार सदैव दक्ष असल्यामुळे दुष्काळ पडण्यास आता वावच उरला नाही, अशी त्यामागील विचारसरणी होती. नऊच वर्षांनी 1972 चे भीषण अवर्षण आले. बीड जिल्हा होरपळला. शेतकरी बायकामुलांसह खडी फोडू लागले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, त्या वेळी सरकारी कामांवर लक्षावधी हातांना मजुरी मिळाली आणि पूर्वीसारखा मनुष्यसंहार टळला. तथापि 'बहात्तरची टंचाई' असे म्हणणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटलेला नाही. लोक दुष्काळच म्हणतात.

2015 साली याहून नाजूक शब्द निघाला: 'दुष्काळसदृश परिस्थिती'. ज्वरसदृश काही झालेल्या रोग्यास वैद्याने काढा द्यावा की नुसते पाहत बसावे? हा विनोद नव्हे, कारण सवलत आणि साहाय्य शब्दाला बांधलेली असतात. पुढील वर्षी मे महिन्यात सरकारनेच 'दुष्काळसदृश' याऐवजी 'दुष्काळ' असे वाचावे, असे कळविले. तोवर उन्हाळा सरत आला होता.

कित्येक म्हणतील, खालच्या नोकराने धीटपणे खरे लिहावे म्हणजे झाले. हा उपदेश शहरात बसून करणे सोपे आहे. वरिष्ठांस जे रुचेल तेच लिहिण्याची सवय त्यास कोणी लावली? 'विहिरी आटल्या, पाणी आठ दिवस पुरेल' असे तलाठ्याने लिहावे, तो कागद 'भाषा सुधारून पुन्हा सादर करावा' या शेऱ्यासह परत यावा, आणि त्याने 'पाणीपुरवठ्याची स्थिती काहीशी असमाधानकारक' असे सुधारून पाठवावे, तर खोटे कोण बोलले? सही तर तलाठ्याची आहे. त्या दोन कागदांमधल्या दिवसांत गावच्या बायका घागरी घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या असतात.