बकेट आधी खाली टेकवा

लोडर लावलेल्या छोट्या ट्रॅक्टरचं हायड्रोलिक ऑइल बघायची एक ठरलेली रीत आहे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करायचा, बकेट जमिनीला टेकवायची, मागची लिफ्ट खाली घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि थोडा वेळ थांबायचं. मग तेल मोजायची पट्टी ओढायची, पुसायची, परत पुरती आत घालून पुन्हा ओढायची. तेल दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं.

बकेट वर ठेवूनच पट्टी ओढली तर ती कमी दाखवते. तेल कुठे गेलेलं नसतं. बकेट उचलून धरणाऱ्या जॅकमध्ये भरलेलं असतं. पण बघणारा घाबरतो, कॅन उघडतो आणि वरच्या खुणेपर्यंत ओततो. नंतर बकेट खाली आली की जॅकमधलं तेल माघारी येतं, आत जागा उरलेली नसते, मग ते ब्रीदरमधून बाहेर येतं किंवा एखाद्या सीलमधून वाट काढतं. उताराला उभ्या ट्रॅक्टरचीही तीच गत, फक्त चूक कुठल्या बाजूला होईल ते चढ ठरवतो.

आमचं कबनूर म्हणायला गाव, पण इचलकरंजीला इतकं चिकटलेलं की हद्द कुठे संपली ते परक्याला कळत नाही. एका बाजूला मागांचा खडखडाट, दुसऱ्या बाजूला ऊस. अशा ठिकाणी लोडरवाल्या मिनी ट्रॅक्टरला काम कमी नसतं. शेणखत भरायचं, मुरूम पसरायचा, पायाची माती हलवायची, गटारीचा गाळ काढायचा. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर तर पंचगंगेकाठी गाळ उपसायला मिळेल ते यंत्र लोकांना हवं होतं. पाण्यात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची पट्टी ओढली आणि तेल दुधी, ताकासारखं दिसलं, तर आत पाणी शिरलं म्हणून समजायचं. अशा वेळी वरून चांगलं तेल ओतून भागत नाही, सगळं काढावं लागतं. तेलावर फेस असेल तर कुठूनतरी हवा ओढली जाते आहे. काळपट आणि जळका वास असेल तर तेल फार तापलं आहे. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत हेच तेल गिअरबॉक्सलाही पुरतं, काहींत ब्रेकलाही. म्हणजे पट्टीवरचा हा रंग फक्त बकेटचा नसतो.

आपल्या भागातला एक खास दोषही सांगायला हवा. पट्टी पुसायला हाताशी काय असतं? सुताचं वेस्ट. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून या पट्ट्यात सूत फुकटात लोळतं. पुसायला ते झकास. पण पट्टीला चिकटलेला एखादा तंतू तिच्याबरोबर आत जातो. रोज एक तंतू म्हटलं तरी वर्षाकाठी गाळणीवर गुंता जमतो, पंपाला तेल ओढेनासं होतं, आणि मेस्त्री म्हणतो, पंप गेला. जुन्या धुतलेल्या सुती लुगड्याचा तुकडा ठेवला असता तरी पंप वाचला असता.

आता नीतीचा भाग. हे सगळं करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्यांची मजुरी कोण देतो?

ट्रॅक्टर तासावर किंवा खेपेवर चालतो. चालकाला संध्याकाळी विचारलं जातं, ‘‘किती खेपा झाल्या रं?’’ ‘‘ऑइल बघितलंस का?’’ हे सहसा विचारलं जात नाही. जो चालक सकाळी बकेट टेकवून, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबून पट्टी बघेल, त्याची एक खेप कमी पडेल. म्हणजे काळजी घेणाऱ्याचा खिसा कापायचा आणि न घेणाऱ्याला शाबासकी द्यायची, अशी ही व्यवस्था आहे. मग जॅक गळायला लागला की आपण म्हणतो, ‘‘ह्या पोरांना जबाबदारीच नाही.’’ माझ्या मते हे बोलणं अन्यायाचं आहे. मागाच्या धंद्यात विणणाऱ्याची मजुरी मीटरवर असते हे खरं, पण माग नीट ठेवायला जॉबर वेगळा असतो आणि त्याचा पगार कारखानदार मोजतो. माग बंद पडला तर कापड बुडतं, हा हिशेब तिथे पाठ आहे. ट्रॅक्टरवर मात्र विणकर तोच आणि जॉबरही तोच, आणि दुसऱ्या कामाचा रुपया नाही.

यात धोक्याची वाटणीही सारखी नाही. मोटारीच्या चाकात हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो. लोडरच्या नळ्यांत तो दीडशेच्या घरात जातो. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं आणि गळती शोधायला कुणी बोटं फिरवली, तर तेल कातडीत घुसतं. जखम काटा टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारसं, म्हणून माणूस घरी जाऊन झोपतो. खरं तर तेव्हाच, काही तासांच्या आत, शस्त्रक्रिया व्हायला हवी असते. उशीर झाला तर बोट जातं, कधी हात जातो. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्यानं शोधायची असते, आणि तीही लांबून. उचललेल्या बकेटखाली तर कुणीच जायचं नसतं, कारण तिला वर धरून ठेवणारं तेल त्याच नळीत असतं. या सगळ्यात मालकाचं फार तर यंत्र जातं. बोट चालकाचं असतं, आणि डोकं खाली फावडं घेऊन उभ्या असलेल्या बाईचं.

कायद्यानं ही विषमता फार पूर्वी ओळखली आहे. कर्मचारी भरपाईचा 1923 चा कायदा 2025 पर्यंत लागू होता, त्याच्या अनुसूचीत ट्रॅक्टरनं शेतीकाम करणारा मजूर होता. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर होती, आणि चालकाकडून साधा निष्काळजीपणा झाला एवढ्यावरून मालक सुटत नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याला जे दिसलं, ते आपल्या गावातल्या हिशेबाच्या वहीत अजून उतरलेलं नाही.

शेजाऱ्याची डम्पिंग ट्रॉली एक दिवस मागून आणतो, तेव्हाही किंमत कोण मोजतो हाच प्रश्न येतो. ट्रॉलीचा जॅक आपल्या ट्रॅक्टरचं तेल ओढतो आणि परत देताना आधीच्या ट्रॅक्टरचं, त्याच्या कचऱ्यासकट, थोडं आपल्यात सोडतो. उसनवारीत भाडं ठरतं, डिझेल ठरतं. तेलाचं कुणी बोलत नाही. बोलणं कंजूषपणाचं दिसतं म्हणून. निदान ट्रॉली जोडण्याआधी आणि सोडल्यावर पट्टी बघावी, जोडणीची तोंडं पुसून घ्यावीत आणि कमी आलेलं तेल ज्याचं त्याला भरून द्यावं.

मी हे एका ओळखीच्या मालकाला सांगितलं, की सकाळची पहिली वीस मिनिटं पगारात धर. तो म्हणाला, ‘‘धरतो की. पण वीस मिनिटं तंबाखू मळत बसला तर?’’ बसेलही एखादा. पण पट्टी ट्रॅक्टरलाच असते, तिला कुलूप नसतं, आणि ती ओढून बघायला मालकाला कुणी अडवलेलं नाही.