पावती नंबर एक

बसा सगळे. खुर्च्या कमी पडत असतील तर खाली बसा, शाळेत बसत होतात तसे. चहा नंतर येईल, आधी ऐकून घ्या.

‘यंदाचं निवासी बालसंस्कार शिबिर निधीअभावी रद्द करण्यात येत आहे, पालकांनी नोंद घ्यावी.’ हा मजकूर समितीच्या नावानं परवा गावभर फिरला. खाली हात जोडलेली चार चित्रं. मला तो शेलूबाजारच्या चौकात एका पालकानं मोबाइलवर दाखवला. त्याचं पोरगं महिनाभरापासून खंजिरी वाजवायला शिकतंय, शिबिरात वाजवायची म्हणून. तो म्हणाला, “सर, पैसे लागत होते तं आमाले सांगाचं होतं ना.” याला मी काय उत्तर देऊ? तुम्हीच द्या.

निधीअभावी हे खोटं आहे. निधी तुम्ही मागितलाच नाही. तुम्ही तीन दारं गाठलीत. एक पुढाऱ्याचं, एक अडत्याचं, आणि एक त्या माणसाचं, ज्यानं गेल्या वर्षी एकरकमी चेक दिला होता. गेल्या वर्षी त्याला निवडणूक लढवायची होती. आता ती होऊन गेली, त्याला शिबिराची गरज उरली नाही. यात त्याचं काय चुकलं? तुम्ही त्याला जे विकलंत ते त्यानं घेतलं. फ्लेक्सवर तुकडोजी महाराज कोपऱ्यात तिकिटाएवढे आणि हा मधोमध, गॉगल लावून. समारोपाला उन्हात दीड तास पोरं बसवून ठेवलीत, कारण साहेबांची गाडी समृद्धी महामार्गावरून उतरायची होती. त्या दीड तासात दोन पोरींना भोवळ आली, हे तरी कुणाच्या लक्षात आहे का? अहवालात ते नाही. सत्काराचे फोटो मात्र अकरा आहेत.

मोझरी इथून सातासमुद्रापार नाही. १९३५ साली महाराजांनी तिथं गुरुकुंज उभारलं, ते कुणा एका शेठजीच्या चेकवर तगलं नाही. माणूस खंजिरी घेऊन गावोगाव फिरला, लोकांसमोर बसला, लोकांशी बोलला. आज विदर्भातल्या गावोगावी मे महिन्यात गुरुदेव सेवा मंडळाची जी शिबिरं होतात, पहाटे उठून सामुदायिक ध्यान, मग सफाई, लेझीम, भजन, ग्रामगीता, त्यांच्या मागं हे फिरणं आहे. तुम्ही फिरलात कुठं? ग्रुपवर क्यूआर कोड टाकला आणि वाट बघत बसलात. क्यूआर कोडला कुणी नाही म्हणायला लाजत नाही, लेकहो. दारात उभ्या माणसाला नाही म्हणताना लाज वाटते. वर्गणीचं सगळं शास्त्र एवढंच आहे.

आणि हे काही मी नवं सांगत नाही. अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसानं पैसा फंड काढला. माणशी वर्षाला एक पैसा. लोक हसले असतील. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. भाऊराव पाटलांनी साताऱ्याला बोर्डिंग चालवलं, तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवत. त्यांच्या पोटासाठी मुष्टिफंड होता, घरोघरच्या बायकांनी रोज मूठभर धान्य बाजूला काढायचं. आणि ते कमी पडलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचं सोनं गेलं, मंगळसूत्रासकट. मी तुम्हाला मंगळसूत्रं मोडायला सांगत नाही. पण एक विचारतो. तुमच्या समितीत पंधरा जण आहेत. पावती नंबर एक कुणाच्या नावाची आहे?

बोला ना. गेल्या वर्षीचं पुस्तक माझ्यासमोर आहे. पहिली पावती त्या चेकची. पुढं किराणा दुकानदार, मग मेडिकलवाला, मग दोन डॉक्टर. समितीतल्या एकाचंही नाव नाही. अध्यक्ष नाही, सचिव नाही, आणि ‘वेळ देतो हेच आमचं दान’ असं दर सभेत म्हणणारे आपले कोषाध्यक्ष तर नाहीतच. वेळ तर आचाऱ्याच्या हाताखालची बाईसुद्धा देते, ती पहाटे चारला येते. ज्यानं स्वतः दिलं नाही तो दुसऱ्याच्या दारात उभा राहिला की त्याची नजर खाली जाते, आणि समोरच्याला ती दिसते. म्हणून तुम्हाला दारावर जावंसं वाटत नाही. उन्हाचं कारण सांगू नका.

आता फळ्याकडं बघा. साठ मुलं धरा, दहा दिवस धरा. नाश्ता, दूध, दोन्ही वेळचं जेवण मिळून डोक्यामागं रोजचे दीडशे रुपये धरा. नव्वद हजार. साडेचारशे घरांनी दोनशे-दोनशे दिले की झालं. शेलूबाजारात आणि आजूबाजूच्या खेड्यांत साडेचारशे घरं नाहीत? शिवाय तूर घरची, हरभरा घरचा, गहू घरचा. ज्याला दोनशे रुपये जड आहेत तो दोन पायल्या गहू देईल आणि ताठ मानेनं देईल. पण हे मागायचं असतं माल घरात आल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. तुम्ही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जागे झालात. तोवर हरभरा विकून सोसायटीचं कर्जसुद्धा भरून झालं होतं.

आणि तुमचा अंदाजपत्रकाचा कागद. त्यात जेवणापेक्षा मंडप, साउंड आणि फ्लेक्स मिळून जास्त आहेत. शाळेची इमारत सुट्टीत रिकामी असते, तिला छप्पर आहे, व्हरांडा आहे. मंडप कशाला? बोअरवर खर्च करा, कूलरवर करा. इथं मे महिन्यात पारा कुठं जातो ते तुम्हाला ठाऊक आहे.

कागदपत्रांचं फार बोलत नाही, वाईट वाटतं. संस्था नोंदलेली आहे, ठीक. पण परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर जे विश्वस्त आहेत त्यातले दोघे वारून किती वर्षं झाली? बदल अर्ज नव्वद दिवसांत द्यायचा असतो. वाशिमच्या धर्मादाय कार्यालयात तुमच्या फायलीवर धूळ असेल. नोंदणी नसलेल्या मंडळालासुद्धा वर्गणी गोळा करायला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ सी कलमाखाली परवानगी घ्यावी लागते, आणि गणपतीची पोट्टी ती घेऊन येतात. तुमच्याकडं ऑडिट नाही, ८० जी नाही, आणि सभेत कुणीतरी उठून ‘सीएसआर, सीएसआर’ म्हणतो. कुठल्या कंपनीचा माणूस मेलेल्या विश्वस्ताच्या सहीवर पैसे सोडेल?

ज्यांनी दिलं त्यांना तुम्ही परत काय दिलंत? माहिती दिलीत का? साठ पोरं जेवली, इतका किराणा लागला, इतके उरले, ते या खात्यात आहेत. एक पान. ते पान जूनमध्ये घरोघर गेलं असतं तर यंदा मागायलाच लागलं नसतं. गाडगेबाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःच्या नातलगांना त्यांत शिरू दिलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या हाती सोपवून मोकळे झाले. ज्याचं असं असतं त्याला लोक न विचारता देतात. तुमच्या गेल्या वर्षीच्या शिलकीचं काय झालं, हे विचारल्यावर तुमच्यातले दोघं एकमेकांकडं बघतात. मी चोरीचा आरोप करत नाही. वही नाही, एवढंच म्हणतो. गावाला मात्र या दोन गोष्टींतला फरक कळत नाही, आणि कळावा असा आग्रह धरायचा तुम्हाला हक्क नाही.

थोडं बाहेरचं सांगतो, कारण तुम्हाला घरचं पटत नाही. ज्यू म्हटलं की आपल्याला कोकणातले बेने इस्रायल आठवतात, शनवार तेली. अमेरिकेतही ज्यू आहेत, आणि त्यांची पोरं उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे निवासी शिबिरात राहतात. भाषा, प्रार्थना, सण, पोहणं, सगळं तिथंच. कॅम्प रामा नावाचं एक १९४७ साली विस्कॉन्सिन राज्यात सुरू झालं, त्याच नावाची पुढं अनेक झाली. तिथंही हीच रड होती. इमारती जुन्या, संचालक एकटा, समिती नावापुरती, पैसे मागायची लाज. १९९८ साली, म्हणजे आपला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला त्याच वर्षी, तिथं या शिबिरांसाठी एक स्वतंत्र फाउंडेशन निघालं. शिबिर चालवणाऱ्यांनाच शिकवायचं, हे त्याचं एक मोठं काम. मॅसॅच्युसेट्सच्या हॅरोल्ड ग्रिनस्पून नावाच्या दात्यानं तर पैशाबरोबर शिस्त दिली. तुमची समिती आधी नीट करा, तुम्ही लोकांकडून गोळा करा, त्यात आम्ही आमची भर घालू. श्रीमंत देशातल्या श्रीमंत माणसालाही नुसता चेक देणं पुरेसं वाटलं नाही. त्यांची फी आपल्याला झेपणारी नाही, त्यांचे डॉलरही आपल्याकडं नाहीत. पण एक गोष्ट फुकट आहे. तिथं जे पोरगं शिबिरार्थी म्हणून येतं तेच मोठं होऊन लहान पोरांचं पालकत्व घेतं, आणि पुढं त्यातलेच काही शिबिर चालवतात.

तुमच्याकडं? आपले शिबिरप्रमुख गुरुजी सत्तरीच्या पुढं गेले. शिबिर म्हणजे ते एकटे. आचारी त्यांच्या ओळखीचा, भांडी त्यांच्या शब्दावर, वक्ते त्यांच्या फोनमध्ये. गेल्या पावसाळ्यात त्यांना अकोल्याला ॲडमिट केलं, तेव्हा भांडीवाल्याचा नंबरसुद्धा तुमच्यातल्या एकाकडं निघाला नाही. तुम्ही त्यांना वाकून नमस्कार करता, त्यांच्याकडून काम शिकून घेत नाही. शिबिर रद्द व्हायचं खरं कारण हे आहे. गुरुजी म्हणाले, यंदा माझ्यानं होत नाही, आणि तुम्ही पंधरा धडधाकट माणसं निधीचं नाव पुढं करून सुटलात.

आपलं राष्ट्र सेवादल बघा. ४ जून १९४१ ला एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. विशीतली पोरं शाखानायक. शिबिरात जो गाणं म्हणायचा त्याला कलापथकात घ्यायचं, जो नीट बोलायचा त्याला बौद्धिक द्यायचं. निळू फुले तिथले, दादा कोंडके तिथले. काम आधी दिलं, माणूस नंतर मोठा झाला. तुम्ही उलट करता. आधी मोठा हो, मग काम देऊ. सोळाव्या वर्षी पोरगं बादलीभर वरण वाढतं तेव्हा त्याला पुढल्या वर्षीचा पंगतप्रमुख म्हणून वहीत लिहायचं असतं. तुम्ही त्याला प्रमाणपत्र देऊन घरी पाठवता. ते पोरगं आता हिंजवडीत नोकरी करतं, दिवाळीत इथं येतं, चौकात उभं राहतं, आणि तुमच्यातला एकही त्याला विचारत नाही की बाबू, मे महिन्यात चार दिवस देतोस का. विचारायला त्याचं नाव तरी आहे का तुमच्याकडं? इतक्या वर्षांचे हजेरीपट गुरुजींच्या घरी लोखंडी पेटीत आहेत. ते उघडा. तुमचे दातेही त्यातच आहेत आणि पुढारीही.

पुढारी म्हणजे माइक हातात धरणारा नव्हे. रात्री दोन वाजता नऊ वर्षांच्या पोराला ताप चढला तर कोण उठणार, गाडी कुणाची, मंगरूळपीरला न्यायचं की वाशिमला, आईला फोन कोण करणार? मुलींच्या खोलीत रात्री कोणती बाई असेल, आणि बाहेरचा माणूस त्या भागात शिरला तर त्याला कोण अडवणार? पोरांजवळ राहणाऱ्या प्रत्येक माणसाची आधी चौकशी कुणी केली? गेल्या वर्षी मी हे विचारलं तेव्हा उत्तर आलं, “गुरुजी आहेत ना.” गुरुजी रात्री गोळी घेऊन झोपतात. आईबापांनी दहा दिवसांसाठी लेकरं तुमच्या हवाली केलेली असतात, आणि तुमच्या कामवाटपाच्या यादीत स्वागताध्यक्ष तीन आहेत, रात्रपाळीला कुणी नाही.

मे संपायला अजून वेळ आहे. दहा दिवस जमत नसतील तर सहा करा, साठ पोरं झेपत नसतील तर तीस घ्या. पाहुणे बोलावू नका, उद्घाटन आचाऱ्याच्या हातून करा. पहिल्या पंधरा पावत्या तुमच्या पंधरा जणांच्या, रक्कम घरात भांडण होणार नाही एवढी, पण खिशाला कळेल एवढी. त्या फाटल्याशिवाय पुस्तक घेऊन कुणी रस्त्यावर उतरायचं नाही, आणि माझ्या पेन्शनकडंही बघायचं नाही. मग दोघा-दोघांनी गल्ल्या वाटून घ्या. संध्याकाळी सहानंतर जा, माणसं घरी असतात.

आणि ती दारापाशी उभी आहे ना, तिला आत घ्या. तीन शिबिरं केली तिनं, बी. कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे, गेल्या वर्षी कोठीघराचा जो काही हिशेब सापडला तो तिच्याच अक्षरात आहे. कोषाध्यक्षांबरोबर खात्यावर दुसरी सही तिची राहील. ठराव आत्ता लिहायचा. अध्यक्ष, पेन काढा. तारीख टाका.