सूट आणि हक्क

राज्यघटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. २००२ च्या दुरुस्तीने आलेले २१-क कलम सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा हक्क देते. पहिला हक्क समाजाचा, दुसरा लेकराचा. २००९ च्या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवल्या. ‘प्रमती’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्यातून वगळले. २०२५ साली दोन न्यायमूर्तींनी या निकालाविषयी शंका घेतली खरी. परंतु आमचा प्रश्न न्यायालयापुढचा नव्हे.

वगळणे म्हणजे सक्ती नाही, एवढेच. मनाई तर नव्हेच. शिरपूरकडील पावरा वा चोपड्याकडील भिल्ल मजुराचे पोर फाटकाशी आले, तर ‘आम्हांला सूट आहे’ हे उत्तर कायदेशीर ठरेल. पण आमच्याच प्रार्थनेपुढे ते टिकेल काय? दुबळ्यांच्या रक्षणासाठी मिळालेले कलम आम्ही त्यांच्याहून दुबळ्यांपुढे ढालीसारखे धरतो. पगार, इमारत यांचा खर्च आम्हीही जाणतो. शासनाची भरपाई वगळलेल्या शाळेला मिळत नाही. मग पंचवीस नव्हे, वर्गात पाच मुले तरी? येत्या जूनपूर्वी हा हिशेब मांडायला हवा.