पादासनाजवळची जागा

शास्त्रपाठ : याकोब 2:1-9, योहान 4:5-9, लूक 18:1-8



जून महिना आला की आपल्या घराघरांतून एकच धावपळ सुरू होते. गुणपत्रिका, दाखले, पाळकसाहेबांचे पत्र, शुल्काची जुळवाजुळव यांत दिवस जातात. अखेरीस एके दिवशी प्रवेशयादीत मुलाचे किंवा मुलीचे नाव झळकते. आई गुडघे टेकून देवाची उपकारस्तुती करते, रविवारी मंडळीत विशेष अर्पण दिले जाते, आणि ट्रंक व वळकटी घेऊन ते लेकरू परक्या शहरातील वसतिगृहाच्या दारात उभे राहते. प्रवेश मिळाला, असे आपण समाधानाने म्हणतो.

परंतु प्रवेश मिळाला म्हणजे नेमके काय मिळाले? या प्रश्नाचा विचार आज आपण शास्त्राच्या प्रकाशात करू या.

याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एका सभेचे चित्र रेखाटतो. सोन्याची अंगठी आणि झगझगीत वस्त्रे ल्यालेला एक मनुष्य सभेत येतो, आणि त्याच वेळी मळकट वस्त्रांतील एक दरिद्री मनुष्यही येतो. पहिल्याला मानाचे आसन मिळते. दुसऱ्याला, तू तिकडे उभा राहा, नाहीतर माझ्या पादासनाजवळ खाली बस, असे सांगण्यात येते. हा उतारा वाचताना एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. त्या दरिद्री मनुष्याला कोणी दारातून हाकलून दिलेले नाही. दार उघडेच होते आणि तो आत आलेला आहे. सभेच्या नोंदवहीत त्या दिवशी त्याचीही उपस्थिती मांडली गेली असती. याकोब ज्यांना दोष देतो त्यांनी दार लावलेले नव्हते; आत आलेल्याने कोठे बसावे हे त्यांनी त्याच्या वस्त्रांवरून ठरवले होते. हा पक्षपात आहे आणि पक्षपात हे पाप आहे, असा स्पष्ट निवाडा तो नवव्या वचनात देतो.

प्रियजनहो, आपल्या विद्यापीठांचा इतिहास पाहिला तर हेच पाप निरनिराळी वस्त्रे पांघरून पुनःपुन्हा समोर येते.

पहिले उदाहरण आपल्याच घरातले आहे. कॉर्नेलिया सोराबजी हिचा जन्म 1866 साली नाशिक येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ती मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली. परीक्षेत तिने अग्रस्थान मिळवले होते. त्या स्थानामुळे इंग्लंडला जाण्यासाठी जी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, ती मात्र केवळ ती स्त्री आहे म्हणून तिला नाकारण्यात आली. पुढे हितचिंतकांच्या साहाय्याने ती 1889 मध्ये ऑक्सफर्डला पोहोचली. तेथे कायद्याचा अभ्यास करणारी ती पहिली स्त्री ठरली. 1892 मध्ये विशेष परवानगीने ती कायद्याच्या उच्च परीक्षेस बसली. पण त्या विद्यापीठात त्या काळी स्त्रियांना पदवीच दिली जात नसे. ती पदवी तिच्या हाती पडली 1922 साली! परीक्षागृहात जागा मिळाली, पण पदवीसाठी तीस वर्षे थांबावे लागले. त्या तीस वर्षांत ऑक्सफर्डचे दार तिला बंद होते असे कोणी म्हणू शकले नसते. तिला पादासनाजवळ बसवून ठेवले होते, इतकेच.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांची व्याख्याने मन लावून ऐकू लागले. परंतु प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. ज्ञान चालत होते, पण त्या ज्ञानाचा हात पाण्याला लागलेला चालत नव्हता.

येथे आपल्याला सूखार गावाबाहेरची विहीर आठवल्यावाचून राहत नाही. भर दुपारी थकलेला प्रभू विहिरीजवळ बसला आहे आणि एक शोमरोनी स्त्री पाणी भरण्यास आली आहे. यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, त्यांचे भांडे वापरणे तर दूरच. प्रभू तिला आधी उपदेश करू शकला असता, आपल्या सामर्थ्याने तिला काही देऊ शकला असता. पण त्याने आरंभ केला तो तिच्याजवळ पाणी मागून. देणारा नेहमी उंचावर असतो. मागणारा मात्र समोरच्याच्या पातळीवर येतो. जिचे भांडे विटाळलेले समजले जात होते, तिच्याच भांड्यातून जगाच्या तारणाऱ्याने पाणी मागितले. वसतिगृहात नव्याने आलेल्या, बुजलेल्या मुलाला आपण मदत करतो, जुनी पुस्तके देतो, हे चांगलेच आहे. पण त्याच्या डब्यातील भाकरी आपण मागून खाल्ली आहे काय? त्याच्याकडून काही शिकण्यासाठी त्याच्या खोलीचे दार आपण कधी ठोठावले आहे काय?

या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गोष्टी झाल्या, असे कोणी म्हणेल. तर मग तिसरे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखतचे पाहा. जानेवारी 2016 मध्ये हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने, आणि मे 2019 मध्ये मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या, तडवी भिल्ल या आदिवासी समाजातील डॉ. पायल तडवी हिने आपले जीवन संपवले. या दोन मृत्यूंनी विद्यापीठांतील जातीय भेदभावाचा प्रश्न सगळ्या देशापुढे आणला. तो 2012 सालीही अज्ञात नव्हता. त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने समन्यायासाठी नियमावली काढली होती. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष असावा, भेदभावाच्या तक्रारी ऐकण्यासाठी अधिकारी नेमावा, असे तीत म्हटले होते. नियम कागदावर होते, पण ते प्रत्यक्षात आणावेत म्हणून 2019 मध्ये राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन शोकाकुल मातांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. पुढे जानेवारी 2026 मध्ये आयोगाने नवी नियमावली काढली, आणि तिच्यावर वाद उठून त्याच महिन्यात न्यायालयाने तिला स्थगिती दिली.

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील विधवा तुम्हांला आठवत असेल. तिच्यापाशी धन नव्हते की वशिला नव्हता. तिच्यापाशी होती ती केवळ चिकाटी. न्यायाधीशाला देवाचे भय नव्हते, तरी ती पुनःपुन्हा जात राहिली. या दाखल्याचा आपण बहुधा प्रार्थनेच्या चिकाटीशी संबंध जोडतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ती विधवा न्याय मागत होती, हे विसरून कसे चालेल? आणि दाखल्याच्या शेवटी प्रभू विचारतो की, मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? याचा अर्थ असा की, न्यायासाठी दार ठोठावत राहणे याला प्रभू विश्वास म्हणतो. त्या दोन माता आपल्या मंडळीच्या पुस्तकात नोंदलेल्या नसतील. पण त्या विधवेची चाल त्यांच्या पायांत आहे, हे ओळखण्याची दृष्टी आपल्यापाशी असली पाहिजे.

आता, प्रियजनहो, बोट स्वतःकडे वळवू या.

दलित ख्रिस्ती विद्यार्थ्याची व्यथा आपल्याला ठाऊक आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध बांधवांचा त्यांत समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. महाविद्यालयात त्याची जात सहाध्यायी विसरत नाहीत, आणि सवलत मागू गेल्यास, तुझ्या धर्मात जात नाही, असे त्याला ऐकवले जाते. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध आपण बोललेच पाहिजे.

पण आपल्या धर्मात जात नाही, हे वाक्य आपल्या घरांत तरी खरे आहे काय? सोयरीक जुळवताना आपण मूळ घराणे कोणते हे दबक्या आवाजात विचारत नाही काय? एकाच प्रभूच्या मेजाशी येणारे आपण, पंचायतीच्या निवडणुकीत कोण कोणत्या समाजातून आला हे मोजत नाही काय? आणि जेथे आपल्या संस्था आहेत, तेथे दूरच्या पाड्यावरून आलेल्या, अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या आदिवासी मुलीला आपल्या वर्गात कोठे बसवले जाते? आपण जो न्याय केवळ आपल्यापुरता मागतो, तो न्याय नव्हे. तो मानाच्या आसनासाठी केलेला आग्रह होय. पादासनाजवळून उठून आपण वर बसलो आणि त्या रिकाम्या जागी दुसऱ्याला बसवले, तर याकोबाचा निवाडा जसाच्या तसा आपल्यावर येतो.

मग आपण काय करावे? मोठ्या गोष्टींची वाट पाहू नये. तुम्ही विद्यार्थी असाल तर पहिल्याच दिवशी कोणाला आडनाव विचारून त्याची जात आणि गुण विचारून त्याची लायकी ठरवू नका. खानावळीत जो एकटा बसतो, त्याच्या शेजारी आपले ताट मांडा. त्याच्यावर होणारा विनोद ऐकून हसू नका. त्या हसण्यानेच विनोद करणाऱ्याचे बळ वाढते. तुम्ही प्राध्यापक असाल तर तक्रार घेऊन आलेल्याला भांडखोर म्हणण्याआधी प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहावा वाचा. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी ती दडपली नाही. त्यांनी सात जण निवडवून घेतले, आणि त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत! ज्यांची उपेक्षा झाली होती त्यांच्यातल्यांच्या हाती कारभार सोपवला गेला, आणि मंडळी फुटण्याऐवजी वाढली. तुम्ही कार्यालयात काम करीत असाल तर शिष्यवृत्तीचा अर्ज आपल्या टेबलावर एक दिवसही अधिक पडू देऊ नका. त्या एका दिवसावर कोणाची परीक्षा अवलंबून असू शकते. आणि आईवडिलांनो, मुलांना पत्र लिहिताना वा फोन करताना किती गुण मिळाले हे जसे विचारता, तसेच, तुझ्या शेजारी कोण बसते, हेही विचारा.

एका बाकावर मिळालेली जागा काय करू शकते, याची साक्ष महाराष्ट्रापाशी आहे. 1840 च्या दशकात पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत एका माळ्याच्या मुलाला जागा मिळाली. त्या मुलाने 1848 मध्ये मुलींसाठी शाळा काढली, आणि पुढे 1882 मध्ये शिक्षण आयोगापुढे, शेतकऱ्यांच्या करातून चालणारे शिक्षण शेतकऱ्यांच्या मुलांपर्यंत पोहोचत का नाही, हा प्रश्न निर्भयपणे मांडला. तो मुलगा म्हणजे जोतीराव फुले. ज्या शिक्षकाने त्या दिवशी त्याला बाकावर सरकून बसायला सांगितले असेल, त्याला आपण काय पेरतो आहोत याची कल्पनाही नसेल.

आपला प्रभू स्वर्गाचे सिंहासन सोडून शिष्यांच्या पायांशी बसला आणि त्याने त्यांचे पाय धुतले. पादासनाजवळची जागा कोणाची, असा प्रश्न उरलाच असेल, तर ती त्याने आपल्यासाठी घेऊन ठेवली आहे. तेथे बसलेल्या कोणाही लेकराला तुच्छ लेखणे म्हणजे त्याच्या शेजाऱ्याला, प्रत्यक्ष प्रभूला, तुच्छ लेखणे होय.

प्रार्थना : हे न्यायी व दयाळू पित्या, घरापासून दूर शिकणाऱ्या आमच्या आणि सर्वांच्या लेकरांना तू सांभाळ. ज्यांनी आशा सोडली आहे त्यांच्याजवळ वेळेवर कोणीतरी पाठव, आणि तो कोणीतरी आम्हीच असावे अशी कृपा कर. आमच्या मनातील पक्षपात आम्हांला दाखव, आणि सरकून जागा देण्यास आम्हांला शिकव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.