टेका चालेल, ओढून नेणं नाही

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर 2019 मध्ये ‘आयर्नमॅन 70.3’ ही ट्रायथलॉन पहिल्यांदा भरली. समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल, मग 21.1 किलोमीटर धावायचं. मोठेपणी या खेळाकडे वळलेल्या हौशी माणसाला सायकल आणि धावणं कष्टाचं वाटतं, धास्तीचं नाही. झोप उडते ती पोहण्याने.

कारण तो शिकलेला असतो टँकमध्ये. तिथे 25 मीटरवर भिंत हाताला लागते, तळाशी काळी रेघ वाट दाखवते. मांडवी जिथे समुद्राला मिळते तिथे ना भिंत, ना रेघ. दर सात-आठ हातांनी मान वर करून लांबचा बोया शोधायचा. तेवढ्यात शेजारच्याची लाथ बसते, तोंडात खारं पाणी जातं आणि छाती आवळते. मग माणूस श्वास कोंडून धरतो, डोकं उचलतो, पाण्याला मारायला लागतो. डोकं वर गेलं की पाय खाली जातात, पाय खाली गेले की दम लवकर संपतो. वास्तविक छातीत हवा भरलेलं शरीर बहुतेक वेळा खाऱ्या पाण्यापेक्षा हलकंच असतं. प्रशिक्षक म्हणूनच आधी हात शिकवत नाहीत. उताणा हो, अंग सैल सोड, श्वास बाहेर टाक, असं सांगतात.

पार जायचं ते कोणाच्या बळावर, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. 1290 साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायेची नदी आहे आणि ती तरून जाऊ पाहणाऱ्यांची रांगच आहे. कोणी स्वतःच्या बुद्धीच्या बाहूंवर विसंबून उडी घेतो, त्याचा मागमूस राहत नाही. कोणी वेदांची सांगड बांधतो, पण बरोबर अहंकाराचे धोंडेही घेतो आणि गर्वाच्या माशाच्या तोंडी जातो. भक्ताला मात्र पोहावंच लागत नाही. त्याच्यापुरतं ते पाणी ऐलतीरावरच सरतं. बुडवतात ते धोंडे, बाहू नव्हेत, अशी सोयीची पळवाट काढता येईल. पण ज्ञानेश्वरांनी बाहूंनाही सूट दिलेली नाही. पोहणाऱ्याला हा निकाल अडचणीचा आहे आणि तो मऊ करून सांगण्यात अर्थ नाही.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये याच प्रश्नावर दोन तट पडले. वेदान्तदेशिकांना मानणारे वडकलै म्हणाले, माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला घट्ट धरून असतं; जिवाकडूनही तेवढी पकड हवी. पिळ्ळै लोकाचार्यांच्या वाटेचे तेन्कलै म्हणाले, मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानेला धरून उचलते; कृपेला अट कसली?

गंमत अशी की ट्रायथलॉनच्या नियमांनी हा वाद आपल्यापुरता मिटवून टाकला आहे. दमलेल्या स्पर्धकाला बोया किंवा बचावाची कयाक धरून विसावा घेता येतो. त्या आधाराने पुढे मात्र सरकायचं नाही. इंग्लिश खाडीचा नियम याहून कडक. 1958 मध्ये मिहीर सेन आणि 1959 मध्ये आरती साहा ती खाडी पोहून गेले; तिथे सोबतच्या बोटीला धरलं की मोहीम संपली. ट्रायथलॉन कृपा मानते, पण विसाव्यापुरती. अंतर ज्याचं त्याने कापायचं.

हे झालं नियमांचं. पाण्याचं म्हणणं जरा निराळं आहे. उताणं होऊन तरंगताना माणूस जवळजवळ काहीच करत नाही. तरीही ते काहीच न करणं शिकायला अनेकांना आठवडे लागतात. ‘सैल हो’ म्हटलं की नवशिका आणखी ताठरतो, कारण सैलपणा हुकमाने येत नाही. घोटून घोटून तो अंगात मुरावा लागतो. म्हणजे मांजरीच्या पिल्लाची निश्चिंती हवी असेल तर आधी माकडाच्या पिल्लाची मेहनत करावी लागते. दोन्ही पक्षांनी प्रयत्न आणि समर्पण समोरासमोर उभे केले. समुद्रात ते एकामागून एक येतात. चीनमधल्या ‘च्वांग्त्झ’ या प्राचीन ग्रंथात धबधब्याखालच्या खळाळात पोहणारा एक माणूस कन्फ्यूशियसला भेटतो. आपल्याकडे वेगळी युक्ती नाही, आपण पाण्याच्या कलाने जातो, असं तो सांगतो. पण लहानपणापासून पाण्यात वाढलो, हेही तोच सांगतो. त्याचं सहजपण अनेक वर्षांच्या सवयीतून आलेलं आहे.

तरी उपमा इथेच थांबवावी. समुद्र आई नव्हे आणि ईश्वरही नव्हे. तो आस्तिकाला जितका उचलतो तितकाच नास्तिकालाही, आणि ओहोटीच्या ओढीला भाव कळत नाही. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमध्ये 1985 ते 2016 या काळात झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडून वाचलेले स्पर्धक अशा 135 घटनांची नोंद संशोधकांनी तपासली. त्यातल्या 90 पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. भीतीला अश्रद्धा म्हणून हिणवणारे प्रशिक्षक अधूनमधून भेटतात, त्यांच्यापुढे हा आकडा ठेवावा. समुद्रात सरावाला उतरणाऱ्यांनी आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, भरती-ओहोटीची वेळ पाहावी, कमरेला रंगीत तरंगता फुगा बांधावा आणि एकट्याने कधीही उतरू नये.