फोन घरचा, ॲप कचेरीचं

तीन वर्षांचं लेकरू स्क्रीनवर बोट टेकवून कधी कधी लगेच उचलत नाही, दाबून धरतं. फोन बनवणाऱ्यांनी मात्र नेमकी हीच कृती, बोट दाबून धरण्याची, ॲप हलवायला आणि काढून टाकायला नेमली आहे. चिन्ह बोटाला चिकटतं, सरकतं, ‘अनइन्स्टॉल’ लिहिलेल्या जागी पोचतं, आणि मग फोन एकदाच विचारतो की खरंच काढायचं का. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी त्या प्रश्नात दोनच जागा असतात आणि त्यातली एक दाबायची असते. ‘पोट्ट्यानं ॲप उडवलं’ असं आपण म्हणतो, पण पोट्ट्याने काही ठरवलेलं नसतं.

आता, ॲप उडालं तर बिघडतं काय? चंद्रपूरच्या तुकूममध्ये किंवा बल्लारपुरात फारसं नाही. प्ले स्टोअर उघडायचं, कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर दाबायचं, ॲप व्यवस्थापनाच्या पानावर जायचं. तिथे पूर्वी घेतलेल्या आणि आता फोनमध्ये नसलेल्या ॲपची यादी निघते. हवं ते परत घ्यायचं. चहा उकळेपर्यंत काम संपतं. पण हेच आलापल्लीच्या पुढे साठ-पासष्ट किलोमीटरवर, भामरागड तालुक्यातल्या एखाद्या आतल्या गावात झालं, तर ॲप परत घ्यायला आधी नेटवर्क गाठावं लागतं. टॉवर पूर्वीपेक्षा वाढले आहेत, हे खरं. तरी पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता जातो, वीज जाते आणि पाठोपाठ रेंजही जाते. एका बोटाने क्षणात केलेली गोष्ट निस्तरायला कुणाला तरी मोटारसायकलवर बसून तालुक्याला जावं लागतं.

आणि ॲप परत मिळालं तरी त्याच्या पोटात होतं ते परत मिळत नाही. मुख्य अडचण ही आहे.

ताडोबा-अंधारी प्रकल्पातला वनरक्षक गस्तीला निघतो तेव्हा त्याच्या फोनमध्ये ‘एम-स्ट्राइप्स’ चालू असतं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी ही पद्धत २०१० मध्ये आणली. तो कुठून कुठे चालला, पाऊलखूण कुठे दिसली, विष्ठा कुठे सापडली, हे सगळं जागेसकट नोंदलं जातं. त्यासाठी रेंज लागत नाही, उपग्रह पुरतो. रेंज लागते ती नोंद पुढे पाठवायला. म्हणजे दिवसभराची पायपीट संध्याकाळपर्यंत, कधी जास्त वेळ, त्या एका फोनमध्येच राहते. शेतकऱ्याचंही तसंच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. बांधीत उभं राहून धानाचा फोटो काढायचा, माहिती भरायची, आणि रेंज नसेल तर नंतर अपलोड करायची. रोजगार हमीच्या कामावरच्या हजेरीसाठी २०२३ च्या सुरुवातीपासून ॲपवर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो सक्तीचा झाला, तोही रेंज येईपर्यंत फोनमध्येच थांबतो. अँड्रॉइडमध्ये ॲप काढलं की त्या ॲपने स्वतःजवळ ठेवलेलं सगळं त्याच्याबरोबर पुसलं जातं. गॅलरीतले फोटो राहतात, पण ॲपच्या आतले सहसा राहत नाहीत. वीस मजुरांची दुपारची हजेरी कुणाच्या तरी घरी संध्याकाळी सहा वाजता, खेळता खेळता, जाऊ शकते. त्यात मजुराचा काय दोष, आणि लेकराचा तरी काय?

व्हॉट्सॲपचं वेगळं. सिंदेवाही, सावली, मूल, ब्रह्मपुरी या पट्ट्यात वाघ कुठे दिसला ही खबर हल्ली गावच्या ग्रुपवर आधी येते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला निघणारी बाई एकदा फोनवर नजर टाकते. त्या फोनमधून ते हिरवं चिन्हच गेलेलं असेल, तर तिला वाटतं आज काही निरोप नाही. निरोप नसणं आणि निरोप न पोचणं यातला फरक स्क्रीनवर दिसत नाही.

शहरात बसून यावर उपाय सोपा वाटतो: मुलाच्या हाती फोन देऊ नका. हा सल्ला ज्याच्या घरी चार फोन आहेत त्याचा आहे. इथे पुष्कळ घरांत फोन एकच. त्यात आईची कचेरी आहे, बापाची बँक, मोठ्या मुलीचा अभ्यास, आणि धाकट्याची कार्टून. करोनाच्या काळात शाळा बंद झाल्या, ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ असं सरकारनेच सांगितलं, आणि आपणच हा फोन पोरांच्या हाती दिला. तो परत मागायला कुठल्या तोंडाने जायचं?

अंगणवाडीताईंना विचारावं. पोषण ट्रॅकर हे ॲप मार्च २०२१ मध्ये आलं. त्यांना सरकारकडून मिळालेले फोन आधीचे, दोन जीबी रॅमचे. ॲप त्यांत नीट चालेना आणि त्यातली भाषा बहुतेक इंग्रजी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभर ताईंनी ते फोन कार्यालयात नेऊन परत केले. मोबाईल वापसी म्हणून ते आंदोलन गाजलं. त्या वेळी चर्चा झाली ती रॅमची, भाषेची, मानधनाची. रास्तच होती. मला त्यातली एक गोष्ट मात्र कमी बोलली गेल्यासारखी वाटते: फोन नीट चालत नसला की काम आपल्या स्वतःच्या, म्हणजे घरच्या, फोनवर येतं. आणि घरच्या फोनला लेकरांचे हात लागतात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला नारीशक्ती दूत ॲप आलं, तेही अनेकींनी घरच्याच फोनवर घेतलं. कचेरी आपली एकेक खोली अशी घरात बांधत गेली, पण तिला दार लावून दिलं नाही.

दार लावता येतं, अगदी फुकट. बऱ्याच फोनमध्ये होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये मांडणी लॉक करण्याचा पर्याय असतो. तो चालू केला की चिन्हं ओढून हलवता किंवा काढता येत नाहीत. लहानग्यांसाठी एवढं बहुधा पुरतं. सेटिंग्जपर्यंत पोचणाऱ्या मोठ्या पोराला ते अडवत नाही. त्याहून पक्का उपाय ॲप पिन करण्याचा. २०१४ च्या अँड्रॉइड आवृत्तीपासून तो आहे, सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये कुठेतरी आत लपलेला. कार्टूनचं ॲप उघडून पिन केलं की लेकरू त्याच ॲपमध्ये राहतं. बाहेर पडायला फोनचा पिन किंवा पॅटर्न मागायला लावता येतो. काही फोनमध्ये पाहुण्यासाठी वेगळं खातं उघडता येतं, त्यात आपली ॲप दिसतच नाहीत; स्वस्त फोनांतून मात्र कंपन्यांनी ही सोय अनेकदा काढून टाकलेली असते, म्हणजे जिथे फोन वाटून वापरतात नेमकी तिथेच ती नाही. आयफोनवाल्यांनी स्क्रीन टाइममध्ये जाऊन ॲप डिलीट करण्याची परवानगी बंद करावी, विषय संपला. कुलूप लावून देतो म्हणणारी फुकटची ॲप मिळतात, ती जाहिराती दाखवतात आणि फोनमधल्या नको तेवढ्या गोष्टींची परवानगी मागतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

खूपदा तर ॲप गेलेलंच नसतं. फक्त पहिल्या पानावरचं चिन्ह गेलेलं असतं. ‘काढा’ आणि ‘अनइन्स्टॉल’ या दोन जागा शेजारी शेजारी असतात आणि पहिलीने फक्त चिन्ह जातं. स्क्रीन खालून वर सरकवून सगळ्या ॲपच्या यादीत शोधलं की ते गुपचूप बसलेलं सापडतं. हे माहीत नसल्याने कितीतरी जण तालुक्याला जाऊन दुकानदाराला पैसे देऊन येतात. पैशाच्या ॲपचंही तेच भय. यूपीआयचं ॲप उडालं म्हणजे पैसे उडाले असं नव्हे; पैसे बँकेत असतात. ॲप परत घ्यायचं, तेच सिम असलं की एक एसएमएस जातो आणि खातं जोडलं जातं, पिन सहसा तोच चालतो. पोषण ट्रॅकरमध्ये सर्व्हरवर पोचलेली नोंदही जात नाही.

म्हणून कुलपाच्याही आधी करायचं एक काम आहे. फोन लेकराच्या हाती देण्यापूर्वी पाठवायचं राहिलेलं आहे का ते बघायचं. जे पाठवलं ते वाचलं. रेंज असलेल्या टेकाडावर किंवा बसथांब्यावर पोचलो की आधी नोंदी अपलोड करायच्या, मग रील बघायचे. नेमकं हेच जमत नाही, कारण दिवसभर राबून रेंजमध्ये आलेल्या माणसाला आधी घरच्यांचे निरोप वाचायचे असतात. त्याला कोण काय म्हणणार?

सगळे अपघात अपघात नसतात, हेही बोलून टाकू. सातवीतला मुलगा आईच्या फोनमधलं एखादं ॲप मुद्दाम काढतो, कारण फोन भरलाय आणि त्याला गेम घ्यायचा आहे. त्याने जागेचा हिशेब केलेला असतो: हे ॲप आई दिवसातून एकदा उघडते, ते काढू, उद्या परत टाकू. उद्या रेंज नसेल हे त्याच्या हिशेबात नसतं. फोनही असाच हिशेब करतो. बरेच दिवस न उघडलेली ॲप प्ले स्टोअर आपणहून गुंडाळून ठेवू शकतं आणि त्यांच्या परवानग्याही काढून घेतल्या जातात. ती सोय सेटिंग्जमध्ये बंद करता येते. या मुलावर कुलूप चालत नाही, कारण बहुतेक घरांत कुलूप लावणारा तोच असतो. सेटिंग्ज वाचता येतात त्यालाच, ओटीपी कुठे टाकायचा हे कळतं त्यालाच. ज्याच्यापासून फोन वाचवायचा आणि ज्याच्याकडून दुरुस्त करून घ्यायचा, ते एकच पोट्टं.

त्याला मारलं तर काय होतं? पुढच्या वेळी ॲप उडालं की ते सांगत नाही. आईला परवा बैठकीत कळतं, तोवर दोन दिवसांच्या नोंदींची वाट लागलेली असते. न मारता सांगितलं, की बाबा, यात रमाकाकूची हजेरी आहे, हे गेलं तर तिची मजुरी अडेल, तर सातवीतल्या मुलाला ते पक्कं कळतं. जंगलातल्या लेकरांना कुठल्या झाडाला हात लावायचा आणि कुठल्या नाही हे कुणी कुलूप लावून शिकवलेलं नसतं. तीन वर्षांच्याला कळणार नाही. त्याच्यासाठी पिन आहे.

आणखी एक धोका ॲप उडाल्यानंतर सुरू होतो. घाबरलेला माणूस ग्रुपवर विचारतो, कुणाकडे आहे का. कुणीतरी एपीके फाईल पाठवतो, हा दाबून टाकतो. सरकारी योजनेच्या नावाने, वाहनाच्या चलनाच्या नावाने आलेल्या अशा फाईलींमधून खाती रिकामी झाल्याच्या तक्रारी देशभर झाल्या आहेत. गेलेलं ॲप प्ले स्टोअरमधूनच घ्यावं. तिथे न मिळणारं ॲप कामासाठी दिलेलं असेल, तर ते देणाऱ्या कार्यालयाकडूनच मागावं, ग्रुपवरून नव्हे.

कार्यालयांकडे मागण्यासारखं अजून आहे. नवीन ॲप आलं की प्रशिक्षण होतं, त्यात नोंद कशी भरायची ते सांगतात. गेलं तर काय, हे क्वचितच. अशी ॲप बनवणाऱ्यांनी पहिल्याच स्क्रीनवर, मराठीत आणि जमलं तर माडिया-गोंडी बोलणाऱ्यांना कळेल अशा खुणेने, ‘इतक्या नोंदी पाठवायच्या राहिल्या आहेत’ एवढं मोठ्या अक्षरांत दाखवायला काय हरकत आहे? रेंज मिळताच त्या आपोआप जाव्यात, बटण शोधावं लागू नये. हजेरी फोनमध्येच मेली तर मजुराची मजुरी कागदावरच्या मस्टरवरून मान्य करायची तरतूद वापरायला सोपी हवी. हे सारं तंत्राच्या दृष्टीने किरकोळ आहे. अवघड एवढंच, की ॲप ठरवणाऱ्यांच्या घरी प्रत्येकाचा फोन वेगळा असतो.

तोवर तालुक्याच्या मासिक बैठकीत दहा मिनिटं तरी काढता येतील. प्रत्येकीने आपला फोन बाहेर काढायचा, मांडणी लॉक करायची, पिन करून बघायचं, बाकी नोंदी तपासायच्या. आणि त्या दिवशी ताईंना सांगावं की घरच्या सातवी-आठवीतल्या पोरांनाही सोबत आणा. निम्म्या फोनांत ते सेटिंग कुठे लपलंय, हे तीच शोधून देतील.